१२३४५६७८९८७६५४३२१ : नऊ मजल्यांपर्यंत जमणारा हा पिरॅमिड दहाव्या मजल्यावर का कोसळतो?

व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तुम्ही असाल तर हा पिरॅमिड कधी ना कधी तुमच्यापर्यंत आलाच असेल.

१ × १ = १
११ × ११ = १२१
१११ × १११ = १२३२१
११११ × ११११ = १२३४३२१

असं करत करत तो नवव्या ओळीपर्यंत जातो. तिथे १११११११११ ला त्याच संख्येने गुणलं की उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. खाली हात जोडलेली इमोजी असते आणि एक वाक्य असतं, "गणितातला चमत्कार, पुढे पाठवा."

आता गंमत बघा. फॉरवर्ड कायम नवव्या ओळीवर थांबतो. दहावी ओळ कुणी टाकत नाही. कारण दहा वेळा १ लिहून वर्ग केला तर उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. मधला ८ गायब, त्याच्या जागी दोन शून्यं, आणि पिरॅमिडचं टोक चेपलेलं.

हा नमुना नऊपर्यंत का टिकतो आणि दहाला का मोडतो, हे समजायला तिसरी-चौथीत शिकलेला एकच शब्द पुरतो. तो शब्द म्हणजे हातचा. आणि या असल्या संख्यांवर नाशिकजवळच्या देवळालीतल्या एका शाळामास्तराने रीतसर शोधनिबंध लिहिला होता, तोही १९३९ साली.

पण आधी ही संख्या आहे तरी केवढी?

ती १७ अंकी आहे. आजच्या पद्धतीने वाचायची तर एकशे तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे अठ्ठ्याण्णव कोटी, शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. कोटीच्या पुढची नावं आपण वापरणंच सोडल्यामुळे "कोटी" दोनदा म्हणावं लागतं. भास्कराचार्यांना ही अडचण नव्हती. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त त्यांनी एकपासून परार्धापर्यंत १८ स्थानांची नावं दिली आहेत. कोटीनंतर अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध. त्या यादीत आपल्या संख्येचा पहिला १ बसतो सतराव्या, म्हणजे 'मध्य' या स्थानावर. परार्ध फक्त एक घर पुढे.

सगळा खेळ हातच्याचा

चौकटीची वही घ्या. देऊळघाटातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतलं पोर असो की पुण्यात इंजिनिअरिंग करणारा दादा, दोघांनाही हे सारखंच करता येईल. १११ ला १११ ने शाळेत शिकवतात तसंच गुणायचं.

पहिली ओळ १११. दुसरी ओळ एक घर डावीकडे सरकवून १११. तिसरी आणखी एक घर डावीकडे सरकवून १११. आता उभी बेरीज करा. उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच १ आहे, म्हणून १. दुसऱ्या रकान्यात दोन, म्हणून २. तिसऱ्यात तीन, म्हणून ३. पुढे ओळी संपायला लागतात, म्हणून पुन्हा २ आणि १. उत्तर १२३२१.

म्हणजे उत्तरातला प्रत्येक अंक फक्त एवढंच सांगतो, की त्या रकान्यात किती १ एकाखाली एक आले आहेत. पायऱ्यांसारख्या सरकत गेलेल्या ओळी मध्यभागी सगळ्यात जास्त एकावर एक येतात आणि दोन्ही टोकांना कमी. १, २, ३ असं चढणं आणि ३, २, १ असं उतरणं तिथून येतं.

नऊ वेळा १ असतील तेव्हा सगळ्यात भरलेल्या रकान्यात नऊ १ येतात. बेरीज ९. एका घरात मावणारा हा सगळ्यात मोठा अंक. त्यामुळे इथपर्यंत कुठेच हातचा घ्यावा लागत नाही.

दहाव्या ओळीत मधल्या रकान्याची बेरीज होते १०. आता शून्य लिहा, हातचा एक. शेजारच्या डाव्या रकान्यात ९ होते, त्यात हातचा मिळवला की तिथेही १०. पुन्हा शून्य, हातचा एक. त्याच्या डावीकडे ८, त्यात एक मिळवला की ९. इथे हातचा संपला. त्यापुढचे ७, ६, ५ जसेच्या तसे. म्हणून उत्तराचा डावा भाग होतो १२३४५६७९ आणि मग ००. आठ कुठे पळून गेलेला नाही, हातच्याने त्याचा नऊ केला आहे. उजवीकडचा ९८७६५४३२१ मात्र शाबूत राहतो, कारण हातचा नेहमी डावीकडेच जातो.

हा नियम एकदा कळला की आणखी एक गोष्ट उलगडते. आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून नमुना नऊवर थांबतो. संगणकवाले सोळाच्या पटीत मोजतात, त्यांच्याकडे हाच पिरॅमिड पंधरा मजले टिकतो. आणि फक्त ० आणि १ वापरणाऱ्या पद्धतीत तो दुसऱ्याच मजल्यावर मोडतो, तिथे ११ चा वर्ग १००१ येतो. म्हणजे या सौंदर्यात आपल्या दहा बोटांचाही वाटा आहे.

डोंबिवली स्टेशन आणि डेम्लो संख्या

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. तिथे असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. १९२९ ला मुंबई विद्यापीठातून ते बी.एस्सी. झाले आणि पुढच्या वर्षी देवळालीत शिक्षक म्हणून लागले. १९६२ ला निवृत्त होईपर्यंत त्यांनी तिथेच शिकवलं. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही.

६१७४ या संख्येमुळे कापरेकर बऱ्याच जणांना माहीत आहेत. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. चढत्या आणि उतरत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा, हेच पुन्हा पुन्हा करा, जास्तीत जास्त सात वेळात तुम्ही ६१७४ वर येता. ते १९४९ चं काम. पण त्याच्या दहा वर्षं आधी, १९३९ साली, के. आर. गुंजीकर यांच्यासोबत त्यांचा निबंध मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात आला होता. विषय होता 'डेम्लो संख्या'.

हे 'डेम्लो' म्हणजे ना कुणी ग्रीक पंडित, ना लॅटिन शब्द. ते एका रेल्वे स्टेशनचं नाव आहे. मुंबईपासून ३० मैलांवर, त्या वेळच्या जी.आय.पी. रेल्वेवर, आज ज्याला आपण डोंबिवली म्हणतो ते. तिथे असताना या संख्यांची कल्पना सुचली, म्हणून कापरेकरांनी तेच नाव देऊन टाकलं. लोकलच्या गर्दीत रोज डोंबिवलीला चढणाऱ्या किती जणांना माहीत असेल, की त्यांच्या स्टेशनचं जुनं नाव जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत आहे?

डेम्लो संख्या म्हणजे काय, तर संख्येचे तीन तुकडे पाडायचे. डावा आणि उजवा तुकडा सारख्याच अंकांचे. त्या दोघांची बेरीज केली की एकच अंक पुन्हा पुन्हा आला पाहिजे, आणि मधल्या तुकड्यातही तोच अंक हवा. उदाहरणार्थ १६५. डावीकडे १, उजवीकडे ५, बेरीज ६, आणि मध्ये ६ च आहे. किंवा २५५३. दोन आणि तीन पाच, मध्ये ५५. जमलं.

आता आपला १७ अंकी पिरॅमिड घ्या. डावे आठ अंक १२३४५६७८. उजवे आठ अंक ८७६५४३२१. मध्ये उरला ९. दोन्ही टोकांची बेरीज करा.

१२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९

आठच्या आठ नऊ, आणि मध्येही नऊ! पिरॅमिडमधल्या पहिल्या ओळीत तुकडे पाडायला काही नाही, ती सोडली तर नवव्या ओळीपर्यंतच्या सगळ्या या व्याख्येत बसतात. १२१ मध्ये १ आणि १ दोन, मध्ये २. १२३२१ मध्ये १२ आणि २१ मिळून ३३, मध्ये ३. या पिरॅमिडच्या संख्यांना कापरेकरांनी खास नाव दिलं, 'अद्भुत डेम्लो संख्या'.

फॉरवर्ड करणारा आणि कापरेकर, दोघांनीही तोच पिरॅमिड पाहिला. एकाने इमोजी टाकली. दुसऱ्याने विचारलं, की ही रचना असलेल्या आणखी संख्या कोणत्या? त्यातून १६५ आणि २५५३ सारखी, वर्ग नसलेली, दिसायला अगदी सामान्य मंडळीही त्याच कुटुंबात आली.

आनंद देणारी संख्या

कापरेकरांचंच आणखी एक नाव इथे लागू पडतं. एखाद्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जात असेल तर तिला ते 'हर्षद' म्हणायचे. हर्ष देणारी ती हर्षद.

आपल्या संख्येच्या अंकांची बेरीज करा. १ ते ९ चे ४५, परतीच्या वाटेवर ८ ते १ चे ३६, एकूण ८१. आता ८१ ने भागून बघा. भाग पूर्ण जातो, आणि उत्तर येतं १५२४१५७८९९७१०४१. म्हणजे ही हर्षद संख्याही आहे. पण पिरॅमिडमधल्या सगळ्यांचं असं नसतं. १२१ ला ४ ने भाग जात नाही, १२३४३२१ ला १६ ने जात नाही. नऊ ओळींपैकी हर्षद फक्त तीन आहेत, पहिली, तिसरी आणि नववी.

भागाकाराचं जे १५ अंकी उत्तर आलं, ती संख्या १२३४५६७९ चा वर्ग आहे. हा १२३४५६७९ ओळखीचा वाटतोय ना? आठ नसलेला. दहाव्या ओळीत दिसला होता तोच. त्याला ९ ने गुणलं की १११११११११ येतात, ही करामत मास्तर लोक वर्गात करून दाखवतात. तिच्या मुळाशीही हातचाच आहे. १ ला ८१ ने भागत राहिलात तर दशांश चिन्हापुढे ०१२३४५६७९ हेच नऊ अंक न संपता पुन्हा पुन्हा येतात, प्रत्येक वेळी ८ ला वगळून.

मूळ अवयव पाडायला बसलं तर १११११११११ म्हणजे ३ × ३ × ३७ × ३३३६६७. यातला ३३३६६७ मूळ संख्या आहे, स्वतः आणि १ सोडून त्याला कुणी भागत नाही. कागदावर पडताळायचं तर सोपी वाट अशी. १११ ला १००१००१ ने गुणा, नऊ १ मिळतात. आता १११ म्हणजे तीन वेळा ३७, आणि १००१००१ म्हणजे तीन वेळा ३३३६६७. झालं. आपल्या १७ अंकी संख्येत हे सगळे अवयव दुप्पट होतात आणि तिला एकूण ४५ भाजक मिळतात.

एक्सेल वेगळंच उत्तर देतं

आता मोबाइल किंवा लॅपटॉपवर पडताळून बघायचं असेल तर जरा जपून. एक्सेलमध्ये १११११११११ ला त्यानेच गुणा आणि उत्तर पूर्ण अंकांत दाखवायला सांगा. ते दाखवेल १२३४५६७८९८७६५४३००. शेवटचे २१ गेले. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्टला विचारलं तर ते म्हणेल १२३४५६७८९८७६५४३२०. चांगलं कॅल्क्युलेटर ॲप मात्र बरोबर उत्तर देतं.

चूक कुणाची, हे कळायला यंत्र लागत नाही. १ ने संपणाऱ्या संख्येला १ ने संपणाऱ्या संख्येने गुणलं तर उत्तर १ नेच संपणार. शून्याने संपणारं उत्तर चुकीचं आहे, विषय संपला.

असं होतं कारण ही सॉफ्टवेअर्स संख्या ठरावीक जागेतच साठवतात. एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूक राहतं, पुढे शून्यं भरतं. जावास्क्रिप्टमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे प्रत्येक पूर्ण संख्या नेमकी ठेवता येत नाही, आणि आपली संख्या त्याहून मोठी आहे.

हे वाचून "आपल्याला काय त्याचं" असं वाटत असेल तर थांबा. समजा शिष्यवृत्तीसाठी शाळेत विद्यार्थ्यांची यादी एक्सेलमध्ये भरली जातेय, आणि एखाद्याच्या बँकेचा खाते क्रमांक १६ अंकी आहे. रकाना साधाच ठेवून तो टाइप केला की शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो. लाल रेघ येत नाही, इशारा येत नाही. फाइल सेव्ह झाली की मूळ अंक त्या फाइलमधून परत मिळवताही येत नाही. पैसे का अडकले हे शोधताना मग शाळा बँकेकडे बोट दाखवते आणि बँक शाळेकडे. उपाय दोन सेकंदांचा आहे. आकडे भरण्याआधी त्या रकान्याचा प्रकार 'टेक्स्ट' करून ठेवायचा. खाते क्रमांकाची कुणाला बेरीज-वजाबाकी करायची नसते, त्यामुळे त्याला संख्या म्हणून साठवायची गरजच नाही.

मग याला 'वैदिक' म्हणायचं का?

फॉरवर्डमध्ये बऱ्याचदा हेही चिकटवलेलं असतं. 'वैदिक गणित' या नावाने जे ओळखलं जातं ते भारती कृष्ण तीर्थ यांच्या १९६५ साली छापलेल्या पुस्तकातून आलं. पिरॅमिडला खरा जुना भारतीय संदर्भ हवा असेल तर तो वेगळीकडे आहे, आणि जास्त भारी आहे.

नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. त्यांच्या 'गणितसारसंग्रह' या संस्कृत ग्रंथात १२३४५६५४३२१ ही संख्या आहे, एकापासून सहापर्यंत चढणारी आणि तशीच उतरणारी. म्हणजे आपल्या पिरॅमिडची सहावी ओळ! दोन्हीकडून सारख्या दिसणाऱ्या असल्या गुणाकारांना तिथे गळ्यातल्या हाराची उपमा आहे. हाराचे मणी मध्ये मोठे आणि दोन्ही टोकांना लहान, हे डोळ्यांसमोर आणलं की उपमा किती चपखल आहे ते कळतं. २७९९४६८१ ला ४४१ ने गुणा, हाच हार तयार होतो. ४४१ म्हणजे २१ चा वर्ग आणि २७९९४६८१ म्हणजे ५२९१ चा. २१ गुणिले ५२९१ किती, ते तुम्हीच करा.

अर्थात, असल्या संख्यांकडे नाक मुरडणारेही होते. रामानुजनना केंब्रिजला बोलावणारे जी. एच. हार्डी यांनी १९४० च्या आपल्या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ ची उदाहरणं दिली. ८७१२ म्हणजे २१७८ च्या चौपट, ९८०१ म्हणजे १०८९ च्या नऊपट, दोन्हीकडे अंक उलटे. हे वर्तमानपत्राच्या कोड्यांत शोभेल, गंभीर गणित नव्हे, असा त्यांचा सूर होता. मुद्दा अगदीच खोटा नाही. दहाच्या ऐवजी बाराच्या पटीत मोजायला लागलो की यातल्या बऱ्याच गमती बदलून जातात, हे आपण पिरॅमिडच्या बाबतीत पाहिलंच. पण नमुना कुठे बदलतो आणि का, हा प्रश्न प्रत्येक पद्धतीत तसाच उरतो, आणि त्याचं उत्तर शोधायला लागणारं गणित खरंखुरंच असतं. हार्डींच्या फुटपट्टीने कापरेकर मोजणं तसं अन्यायाचं वाटतं.

कापरेकरांनाही याच नजरेने बराच काळ पाहिलं गेलं. त्यांचं बरंचसं काम छोट्या नियतकालिकांत आलं किंवा त्यांनी स्वतःच्या खर्चाने पुस्तिका काढून छापलं. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं आणि देवळालीचं नाव जगभर गेलं. तेव्हा कापरेकर ७० वर्षांचे होते, निवृत्त होऊन १३ वर्षं झाली होती. १९८६ साली ते गेले.

संख्यांच्या मालिकांचा एक मोठा कोश आज इंटरनेटवर आहे, जगभरचे गणिती तो वापरतात. त्यात 'अद्भुत डेम्लो संख्या' याच नावाने ए००२४७७ या क्रमांकावर ही मालिका नोंदवलेली आहे. १, १२१, १२३२१ अशी ती सुरू होते आणि नवव्या जागी आपली १७ अंकी संख्या येते. कोश तिथे थांबत नाही. त्याच्या पुढची, दहावी नोंद १२३४५६७९००९८७६५४३२१ ही आहे.